वांगणीतलं हॉलंड

“साईनाथ, दोर ढिला सोडलास तर बघ! वरून थेट तुझ्या डोक्यावर पडेन!”

“पड ना! कलिंगड फुटल्यासारखा आवाज येईल!” साईनाथ खालून ओरडला. पण दोर मात्र त्याने आणि त्याच्या बाबांनी, म्हणजे हर्षदाच्या संदीपमामाने, घट्ट धरून ठेवला होता.

हर्षदा अठरा फूट उंच लाकडी मनोऱ्याच्या टोकाशी पोचली होती. कमरेला दोर, खांद्यावर मोजपट्टी आणि दातांत पेन्सिल! तिच्या नाकासमोर पवनचक्कीचा तुंबा होता. तुंबा म्हणजे पाती ज्यात बसतात तो सागाचा जाडजूड गोल ठोकळा.

“घेर किती?” खालून जयदेव सरांनी विचारलं.

“साडेचार फूट, सर!”

“शाब्बास! तू नसतीस ना हर्षदा, तर ही चक्की मला मोजताच आली नसती!”

हर्षदाला वाटलं, आपल्यालाही वाऱ्यावर फिरणारी सहा पाती फुटली आहेत.

जयदेव सर अंबरनाथच्या तिच्या शाळेत चित्रकला शिकवत. जुनी देवळं, जुने पूल, जुन्या विहिरी, काहीही जुनं दिसलं की त्यांची मोटरसायकल थांबलीच! हर्षदा राहायची बुवापाड्यात, पण तिचं आजोळ वांगणीच्या डोंगराखालच्या पाड्यावर. “सर, आमच्या पाड्याजवळ लाकडाची पवनचक्की आहे. माझ्या पणजोबांनी बांधलीय,” असं तिनेच एकदा वर्गात सांगितलं होतं आणि तिथूनच सगळं सुरू झालं होतं.

पणजोबांचं नाव नवसू. ते हिवाळ्यात मिठागरावर मजुरीला जात. तिथे वाऱ्यावर फिरणारं एक यंत्र खाडीचं पाणी वर ओढताना त्यांनी पाहिलं. रोज भाकरी खाताना ते त्याच्याकडे टक लावून बघत बसायचे म्हणे. १९६२ साली त्यांनी तसंच यंत्र इथे उभं केलं, पण सगळं लाकडाचं! खालच्या विहिरीचं पाणी त्याने थेट पाड्यावर चढवलं. पुढे नळ आला आणि चक्की थांबली. विहीर, टेकडी आणि चक्की असलेली ती जमीन फिरत फिरत बदलापूरच्या राजूशेठकडे आली. राजूशेठला तिथे फार्महाउसचे प्लॉट पाडायचे होते. चक्की तोडून साग विकायचा, असं त्याचं ठरलंही होतं. पण जयदेव सरांनी त्याला काय सांगितलं कोण जाणे, त्याने चक्की तोडायच्याऐवजी दुरुस्त करायला घेतली! तेव्हापासून पाड्यावर सर आले की घराघरातून चहा यायचा.

“अगं, हे बघ!” हर्षदाची मैत्रीण प्राची गवतात गुडघ्यांवर बसली होती. ती उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधली. सुट्टीत चार दिवस हर्षदाबरोबर राहायला आली होती. सहापैकी पाच पाती साफसफाईसाठी खाली उतरवली होती. त्यातल्या एकाच्या मुळाशी बोटभर कोंबडी कोरलेली होती. दुसऱ्यावर मासा, तिसऱ्यावर हंडा, चौथ्यावर चांद, पाचव्यावर विळा!

“एक नंबर! पण कोंबडी कशाला?” साईनाथने विचारलं. त्याची जीभ जांभळं खाऊन जांभळीगार झाली होती.

“थांबा! इथे वरही आहे कोंबडी!” हर्षदा वरून ओरडली. तुंब्याच्या पाच खोबणींशेजारी पाच चित्रं होती. सहावं पातं मात्र कुणी काढलंच नव्हतं. त्याच्या खोबणीवर आणि मुळावर जाड लोखंडी पट्टी बोल्ट लावून आवळली होती. बोल्ट गंजलेले, म्हणून कंत्राटदाराने ते पातं तसंच वर ठेवलं होतं.

“सर, प्रत्येक चित्र दोनदा का काढलंय?”

सरांनी वहीतून मान वर केली नाही. “कुणा गुराख्याच्या पोरांनी कोरलं असेल गं. ते सोड. लांबी सांग.”

साईनाथने मात्र सगळी चित्रं आपल्या वहीत उतरवून घेतली. त्याला अभ्यासाची नसली तरी कोंबड्यांची फार आवड होती!

दुपारी हर्षदा खाली उतरल्यावर सरांनी तिला बाजूला घेतलं. “हर्षदा, तुझ्या आजीच्या घरात भिंतीवर एक फोटो आहे. नवसूबाबा मनोऱ्यावर बसलेत, हातात लाकूड तासायचा वाकस आहे. तो मला दोन दिवसांसाठी देशील? चक्कीजवळ माहितीचा मोठा फलक लागणार आहे. त्यावर छापू.”

“आजीला विचारते, सर. ती जांभळं विकायला बदलापूरला गेलीय. संध्याकाळी येईल.”

“मला आताच निघायला हवं गं. आणि माझ्यावर विश्वास नाही का तुझा?”

काय प्रश्न! हर्षदाने धावत जाऊन भिंतीवरची चौकट उतरवली. साठ वर्षांपूर्वी तालुक्याच्या कुणा साहेबांनी काढून पाठवलेला तो एकुलता एक फोटो. तिने तो काचेमागून अलगद काढला आणि सरांच्या हातात दिला.

संध्याकाळी चंद्री आजीने रिकामी चौकट पाहिली. “फोटो कुठं गेला गो?”

“साफ करायला काढलाय, आजी,” हर्षदा म्हणाली. फलकावर फोटो बघून आजी किती खूश होईल! तोवर गंमत राहू दे, असं तिने स्वतःला समजावलं.

दोन दिवसांचे दहा दिवस झाले. फोटो काही परत आला नाही.

अकराव्या दिवशी प्राचीचा फोन आला. तिचा आवाज विचित्र येत होता. “हर्षदा, तू लगेच दुकानात ये. नाही, फोनवर नाही सांगणार. बस आ जा, यार!”

प्राचीच्या बाबांचं कॅम्प पाचमध्ये फलक छापायचं छोटं दुकान होतं. साईनाथला घेऊन हर्षदा तिथे पोचली तेव्हा मशीनमधून कुणाच्या तरी लग्नाचं स्वागत सरसर बाहेर येत होतं. बाबा कॉम्प्युटरपुढे बसले होते.

पडद्यावर पवनचक्की होती. तोच फोटो! तेच ढग, तोच मनोरा. पण वर कुणीच बसलं नव्हतं. जिथे पणजोबा होते तिथे नुसतं आभाळ होतं. मनोऱ्याच्या आडव्या लाकडावर फक्त एक पाऊल उरलं होतं, अनवाणी.

“अरेच्चा, हा पाय राहिलाच की,” बाबा स्वतःशीच म्हणाले आणि त्यांनी माउस फिरवला. पाऊलही गेलं.

“काका!” हर्षदा किंचाळली. “ते माझे पणजोबा आहेत!”

बाबांनी दचकून मागे पाहिलं. “तुझे? मला काय माहीत बाळा! गिऱ्हाईक म्हणालं, माणूस काढा, नुसती चक्की ठेवा.”

“कोण गिऱ्हाईक?”

बाबांनी उत्तर देण्याआधीच तिने फलकावरचा मजकूर वाचला होता. ‘हॉलंड व्हॅली, वांगणी. सन १८९२ मध्ये डच कारागिरांनी उभारलेली दुर्मिळ पवनचक्की.’ आणि खाली लहान अक्षरांत, ‘संशोधन : जयदेव सर.’

साईनाथने दोनदा वाचलं. “हॉलंड म्हणजे वांगणीच्या पुढचं स्टेशन का?”

एरवी तिघंही पोट धरून हसले असते. पण हर्षदा खुर्चीवर बसली आणि पुन्हा पुन्हा तोच मजकूर वाचू लागली. सरांनी तिच्याच आजीसमोर बसून सगळं लिहून घेतलं होतं. मिठागर, विहीर, १९६२. आजीच्या हातची तांदळाची भाकरी खात खात लिहून घेतलं होतं! चुकून झालं असेल, दुसऱ्याच कुणी मजकूर दिला असेल, असं ती मनाशी घोकत राहिली.

“काका, मूळ फोटो आहे तुमच्याकडे?”

“स्कॅन आहे. फोटो सर परत घेऊन गेले.” बाबा पुन्हा कॉम्प्युटरकडे वळले. मग त्यांनी मूळ चित्र उघडलं आणि चांगल्या जाड कागदावर छापून तिच्या हातात दिलं. “तुमच्या घरचा माणूस आहे. हा तुमच्याकडे असायलाच हवा.”

दुसऱ्याच दिवशी तिघंही टेकडीवर हजर! चक्की ओळखूच येत नव्हती. सागाचा तो तांबूस रंग पांढऱ्या ऑइलपेंटखाली गडप झाला होता. पात्यांची टोकं लालभडक रंगवली होती. जयदेव सर खाली उभे राहून कंत्राटदाराला काहीतरी सांगत होते.

“सर, तो फलक तुम्ही लिहिलात?” हर्षदाने विचारलं. ‘नाही’ म्हणा, सर. तिने मनातल्या मनात देवाला हात जोडले.

सरांनी चष्मा काढून पुसला. “अगं, तू कुठे पाहिलास?”

म्हणजे हो.

“पणजोबांना पुसून टाकलं तुम्ही,” ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना.

सर तिला बाजूला घेऊन गेले. “नीट ऐक. राजूशेठ ही चक्की तोडणार होता. मी त्याला सांगितलं की ही परदेशी आहे, शंभर वर्षांहून जुनी आहे, लोक बघायला येतील. म्हणून ती उभी आहे! पाड्यावरच्या एका मजुराने बांधली असं सांगितलं असतं, तर आज तिचे दरवाजे-खिडक्या झाले असते. मी खोटं बोललो म्हणून ती वाचली. कळतंय का तुला?”

हर्षदाला कळत होतं. त्याचाच तर जास्त राग येत होता.

“मग मला का नाही सांगितलं? आणि तुमचं नाव का टाकलंत, सर? त्यांचं पुसून?”

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“फोटो द्या माझा.”

“घरी आहे. उद्घाटन झालं की देतो. आणि हे बघ, परवा कार्यक्रमात उगाच काही बोलू नकोस. जुन्या वास्तूंची नोंद करणाऱ्या संस्थेच्या माधवीताई येणार आहेत. त्यांनी नोंद केली की चक्कीला कायमचं संरक्षण मिळेल. तू बिघडवलंस, तर चक्कीही जाईल. मग तुझ्या आजीला काय सांगशील?”

तिघंही उतार उतरू लागले. खाली आल्यावर साईनाथ हळूच म्हणाला, “सर चांगले होते ना गं?”

हर्षदा तिथेच मट्कन खाली बसली आणि ढसाढसा रडली. प्राचीने तिच्या पाठीवर हात ठेवला. पण सगळ्यांत अवघड गोष्ट अजून पुढेच होती. आजीला सांगायचं होतं.

आजी ओसरीवर टोपलीत पानं अंथरत होती. पानांवर जांभळं, जांभळांवर पुन्हा पानं. हर्षदाने सगळं एका दमात सांगून टाकलं. फोटो साफ करायला काढला नव्हता. आपणच तो दिला. त्यातून नवसूबाबांना काढून टाकलंय. चक्की डच लोकांची झालीय.

आजीचे हात थांबले नाहीत. आणखी एक पान, मूठभर जांभळं.

“मला इचारायचं व्हतंस गो,” ती शेवटी म्हणाली. “मी दिला असता.”

ओरडली असती तर बरं झालं असतं! हर्षदाने जाड कागदावरची नवी छपाई तिच्यापुढे धरली. आजीने हात पदराला पुसले, कागद गुडघ्यावर ठेवला आणि बराच वेळ बापाकडे बघत राहिली.

तेवढ्यात साईनाथला राहवेना. “आजी, हे पण बघ ना. पात्यांवरची चित्रं. मी काढलीत.” आणि त्याने वही उघडली.

आजीने वहीत डोकावलं आणि तिच्या तोंडातून हसू फुटलं. “ही माझी कोंबडी!”

“तुझी?” तिघंही एकदम ओरडले.

“मग! नऊ वर्षांची व्हती मी. बापसाला लिहाया येत नव्हतं. सहा पाती, सहा खोबणी. हातानं तासलेली. कुठली दोन सारखी नाय. ह्याचं पातं त्याच्यात बसवलं की तिरकं बसतंय. म्हनून बा म्हनला, चंद्रे, दर जोडीला येक खूण काढ. मी कोळशानं काढायची, तो पटाशीनं कोरायचा.”

“जोड्या लावा!” हर्षदा ताडकन उठली. “परीक्षेत असतं तसं! कोंबडीचं पातं कोंबडीच्या खोबणीत, माशाचं माशाच्या!”

“पण आजी, सरांना का नाही सांगितलंस?” प्राचीने विचारलं.

“त्यांनी साल इचारलं, फूट इचारले. चित्रांचं कोनी इचारलंच नाय.”

साईनाथने वही पुन्हा तपासली. “पाचच आहेत. सहावं कुठलं?”

“खेकडा,” आजी चटकन म्हणाली. “ती खोबण जरा तडकली व्हती, तर बानं त्याच दिवशी वर लोखंडी पट्टी मारली. माझा खेकडा पुरता व्हायच्या आधीच! येका बाजूला चार पाय, दुसऱ्या बाजूला तीनच. मी लई रडले व्हते. बा म्हनला, आता पट्टीखाली कोन बघतंय?”

हर्षदाने प्राचीकडे पाहिलं. प्राचीने हर्षदाकडे पाहिलं. ती पट्टी गेल्या साठ वर्षांत कुणीच काढली नव्हती. सरांनी नाही, कंत्राटदारानेही नाही!

“एक मिनिट,” हर्षदा नुकत्याच कामावरून आलेल्या मामाकडे वळली. “संदीपमामा, तुम्ही पाती परत बसवलीत तेव्हा चित्रं बघून बसवलीत?”

मामा कंत्राटदाराकडेच कामाला होता. त्याने कपाळावर हात मारला. “चित्रं तर रंगाखाली गेली. हाताला लागेल ते पातं बसवलं! कंत्राटदार म्हणाला, सगळी सारखीच आहेत.”

सकाळी तिघांनी जाऊन कंत्राटदाराला सांगून बघितलं. तो मोबाइलवरून नजरही न काढता म्हणाला, “सुट्टी आहे ना? मग जा, आंबे पाडा!” जयदेव सर शेजारीच उभे होते. त्यांनी ऐकलं आणि मान फिरवली. हर्षदाला कालच्यापेक्षा ते जास्त लागलं.

“ठीक आहे,” प्राची दात-ओठ खात म्हणाली. “आता उद्या वाराच सांगेल!”

उद्घाटनाला टेकडीवर मांडव पडला होता. पुढच्या खुर्च्यांवर राजूशेठ, प्लॉट बघायला आलेली मंडळी आणि माधवीताई. पांढऱ्या केसांच्या, पायात ट्रेकिंगचे बूट घातलेल्या माधवीताई आल्या तशा मनोऱ्याभोवती तीन फेऱ्या मारून आल्या होत्या. मागे, उन्हात, पाड्यावरचे लोक. चंद्री आजी सगळ्यांत मागे उभी होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

“डच कारागिरांनी सव्वाशे वर्षांपूर्वी...” सरांचं भाषण सुरू झालं. त्यांचा आवाज किती गोड होता! हर्षदाला तोच आवाज फार आवडायचा. आज तिने कानांवर हात ठेवले.

चार वाजले. खाडीकडचा वारा सुटला. राजूशेठने पाती अडवून धरणारा लगामाचा दोर सोडला आणि टाळ्यांच्या कडकडाटात पाती हलली. एक पाव वेढा, अर्धा वेढा, आणि... करर्र! एका पात्याचं लाल टोक मनोऱ्याच्या खांबाला जाऊन घासलं. चक्की थरथरली आणि थांबली.

“वारा कमी पडतोय,” कंत्राटदार म्हणाला. तेवढ्यात वाऱ्याने त्याचीच टोपी उडवून नेली! पाड्यावरची मंडळी खो खो हसली.

“अरे, काय चाललंय काय?” राजूशेठ लालबुंद झाला.

हर्षदाने मूळ फोटोची छपाई उचलली. ती उठून पुढे गेली.

“हर्षदा, खाली बस,” सर हळू पण कडक आवाजात म्हणाले.

गेली तीन वर्षं सरांनी म्हटलं आणि तिने ऐकलं नाही, असं कधी झालं नव्हतं. ती बसली नाही.

“पाती चुकीच्या खोबणीत बसवलीत,” ती मोठ्याने म्हणाली. “कुठलं कुठे बसतं ते आम्हाला माहीत आहे. चक्की आज, आत्ता फिरेल! पण आधी ती कुणी बांधली ते खरं सांगा.”

“अगं पोरी, डच लोकांनी!” राजूशेठ ओरडला.

“मग त्यांनाच बोलवा ना दुरुस्तीला!” साईनाथ मागून ओरडला. पुन्हा हशा पिकला.

माधवीताई मात्र हसल्या नाहीत. “हॉलंडच्या चक्कीत इथल्या रानातल्या ऐनाचं लाकूड कसं, हे मी मघापासून स्वतःलाच विचारतेय,” त्या म्हणाल्या. “तू सांग, बाळ. कुणी बांधली?”

हर्षदाने मूळ फोटोची छपाई त्यांच्या हातात दिली. मग मागे जाऊन आजीचा हात धरून तिला पुढे आणलं. आजीने सगळं सांगितलं, कोळसा, पटाशी, कोंबडी, मासा.

“फोटोत माणूस बसलेला आहे म्हणजे त्यानेच बांधली असं होत नाही,” सर म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. “आणि पात्यांवरची चित्रं तर मुलांनी आधीच पाहिली होती. ती आजीला सांगितली असतील.”

हर्षदा त्यांच्याकडे बघतच राहिली. आजीलाही ते खोटारडी म्हणत होते!

“सहावं कुणीच पाहिलेलं नाही,” ती म्हणाली. “लोखंडी पट्टीखालचं. आजी, काढ.”

आजी खाली बसली. गर्दीच्या मधोमध, तांबड्या मातीत, तिने बोटाने खेकडा काढला. दोन नांग्या, एका बाजूला चार पाय. दुसऱ्या बाजूला तीन काढून ती थांबली.

“एक पाय राहिला, आजी,” राजूशेठ म्हणाला.

“नाय राहिला. तेवढेच हायेत.”

माधवीताईंनी ओढणी कमरेला खोचली. “पाना द्या मला!” आणि सगळे बघत असताना साठीच्या माधवीताई संदीपमामाच्या मागोमाग सरसर मनोरा चढल्या. मामाने बोल्टवर रॉकेल सोडलं. एक बोल्ट निघाला. दुसरा निघाला. तिसरा हटूनच बसला होता, त्याला हातोडीने ठोकावं लागलं. खाली सगळे माना उंचावून बघत होते.

पट्टी खणकन खाली पडली.

“दोन नांग्या!” वरून माधवीताईंचा आवाज आला. “चार पाय! आणि इकडे... एक, दोन... तीन! तीनच!”

मग जो काही गलका झाला! साईनाथने शिट्टी वाजवली, प्राचीने हर्षदाला उचलूनच घेतलं. आजी मात्र मातीतल्या खेकड्याकडे बघत तशीच बसून राहिली होती. तिचे डोळे भरून आले होते.

पुढचं काम पाऊण तासाचं. साईनाथ वही धरून खाली उभा राहिला, मुली खिळ्याने रंग खरवडून चित्रं शोधत होत्या आणि मामा पाती बदलत होता. तडकलेल्या खोबणीवरची पट्टीही त्याने पुन्हा आवळली. “मासा इकडे! हंडा तिकडे! विळा बरोबर आहे, त्याला हात लावू नका!” तीन पाती चुकीच्या जागी होती. पाहुणे तोवर पाड्यावरच्या टोपल्यांतली जांभळं खात बसले.

दुसऱ्यांदा दोर आजीने सोडला. सहाही पाती वाऱ्यावर अशी अलगद फिरू लागली की जणू मध्ये काही वर्षं गेलीच नव्हती. थोड्या वेळाने विहिरीतलं पाणी ओढणारा दट्ट्या खालीवर होऊ लागला आणि वरच्या दगडी टाकीत पाण्याची पहिली धार पडली.

राजूशेठ काही वेळ पाण्याकडे बघत उभा राहिला. “मास्तर, तुम्ही मला म्हणालात, चक्की परदेशी आहे म्हणूनच लोक येतील. ही माणसं उठायला तयार नाहीत!” त्याने स्वतः जाऊन फलक उतरवला. “नवा लिहा. नवसूचं नाव मोठ्या अक्षरांत. पण हॉलंड व्हॅली हे नाव मी छापून बसलोय हो...”

“ते तुमच्याकडेच ठेवा!” प्राची म्हणाली.

माधवीताईंनी हर्षदाच्या खांद्यावर हात ठेवला. “मोठ्या माणसांनी डोळे मिटले होते आणि तुम्ही तिघांनी उघडे ठेवलेत. वास्तू वाचवणं म्हणजे नुसतं लाकूड वाचवणं नव्हे. शाब्बास!”

गर्दी पांगल्यावर जयदेव सर आले. त्यांनी बॅगेतून फोटो काढला. म्हणजे तो इतका वेळ त्यांच्या बॅगेतच होता. आजीने तो दोन्ही हातांनी घेतला आणि ती घराकडे वळली.

“हर्षदा, माझं चुकलं,” सर म्हणाले. “मला वाटलं, चक्की वाचली की बाकी सगळं... मला माफ करशील?”

हर्षदाला ‘हो’ म्हणायचं होतं. पण तिला आजीच्या भिंतीवरची रिकामी चौकट आठवली.

“शाळा सुरू झाली की मी वर्गात बसेन, सर,” ती शेवटी म्हणाली. “चित्रंही काढेन. पण आता काही सांगणार नाही तुम्हाला.”

सरांनी मान हलवली. मोटरसायकलचा आवाज उतारावरून खाली गेला. तो पार विरेपर्यंत ती तिथेच उभी होती. आपण जिंकलो ना, मग काहीतरी हरवल्यासारखं का वाटतंय, हे तिला समजत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माधवीताईंनी दिलेला नोंदीचा अर्ज घेऊन ओसरीवर बसली. एकेक ओळ लिहायची आणि आजीला वाचून दाखवायची, असं तिने ठरवलं होतं.

“लाकूड, साग आणि ऐन. बरोबर?”

“बरोबर.”

“बांधणी, १९६२. बांधणारे, नवसू.” तिने पेन थांबवलं आणि मग पुढे लिहिलं. “आणि त्यांची मुलगी चंद्री, वय नऊ.”

“माझं कशाला? मी नुसती चित्रं काढली.”

“ती नसती, तर काल चक्की फिरली असती का?”

साईनाथने पुढ्यात टाकलेली जांभळं आजीने निवडली, त्यातलं सगळ्यांत मोठं उचलून हर्षदाच्या तोंडात घातलं आणि म्हणाली, “नीट लिवलंस, पोरी. आता परत येकदा वाच. तुझ्या मामालाबी ऐकू दे.”